शस्त्रक्रियेनंतरची सोबत

(न्हावा शेवा परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्यसेविका यांच्या मेळाव्यात जिल्ह्यातील एका महिला माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



माहिती अधिकारी व्यासपीठावर उभा राहिला की आता योजनांची यादी ऐकावी लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुतेक वेळा खरीही ठरते. आज मी योजनांविषयी थोडे बोलणार आहे. परंतु त्याआधी मला स्वतःविषयी काही सांगावयाचे आहे. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. ग्रामसभेत रस्ता, पाणी, शाळा यांवर आपण तासन्‌तास बोलतो. हा शब्द मात्र कोणी उच्चारीत नाही. आजच्या सभेत तो मोकळेपणाने उच्चारला जावा, एवढ्यासाठीच मी येथे येण्याचे मान्य केले.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या आकड्यांमागे घरे आहेत, आणि त्यांतील काही घरे आपल्या ओळखीची आहेत.

माहिती असूनही

चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात मला एक गाठ लागली. वाटाण्याहून थोडी मोठी, न दुखणारी. मी कला शाखेची पदवीधर. वैद्यकाचे शिक्षण माझे नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने आरोग्यविषयक पत्रके मी स्वतः लिहिली आहेत. ‘न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष करू नका’ हे वाक्य माझ्याच हातून किती वेळा छापावयास गेले असेल, याची गणती नाही. तरीही मी तीन महिने गप्प बसले. कार्यालयात कामाचा हंगाम होता, मुलीची परीक्षा होती, अशी कारणे मी स्वतःला देत राहिले. खरे कारण भीती हेच होते. माहिती माझ्यापाशी भरपूर होती. ती घेऊन दवाखान्याची पायरी चढावयास मात्र कोणाचा तरी हात हवा होता, आणि तो मी मागितला नाही.

ते तीन महिने मला महाग पडू शकले असते. सुदैवाने गाठ लहानच राहिली होती. मुंबईच्या रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले की स्तन काढण्याची गरज नाही. केवळ गाठ व तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढू, काखेतील काही ग्रंथी तपासणीसाठी काढू आणि त्यानंतर किरणोपचार देऊ. या शस्त्रक्रियेला लम्पेक्टमी म्हणतात. मला हे ऐकून आनंद होण्याऐवजी संशयच वाटला. सगळेच काढून टाकले तर रोग मुळासकट जाईल, असा आपल्या मनाचा हिशेब असतो. घरातील वडीलधाऱ्यांचेही तेच म्हणणे पडले.

शस्त्रक्रियेचा बदललेला विचार

हा हिशेब एकेकाळी वैद्यकशास्त्राचाही होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे सुमारे ऐंशी वर्षे तीच जगभर प्रमाण मानली गेली. इटलीतील मिलान येथे डॉ. उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर याची कसोटी घेतली. सर्वांच्या गाठी दोन सेंटिमीटरच्या आतील होत्या. निम्म्या स्त्रियांवर जुनी शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांच्या स्तनाचा केवळ चौथा भाग काढून त्यांना किरणोपचार दिले गेले. १९८१ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २००२ मध्ये वीस वर्षांचा ताळेबंद मांडला गेला. दोन्ही गटांतील स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण सारखेच होते. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात तर केवळ गाठच काढली होती, आणि त्याचाही निर्वाळा तोच निघाला.

मात्र त्या अमेरिकन अभ्यासातील एक आकडा आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. गाठ काढल्यानंतर ज्यांनी किरणोपचार घेतले नाहीत, त्यांच्यापैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत पुन्हा रोग उद्भवला; ज्यांनी घेतले, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होते. म्हणजे स्तन वाचविण्याची शस्त्रक्रिया ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी किरणोपचारांच्या यंत्राखाली, रोज थोडी थोडी, पुरी करावी लागते. पूर्वी त्यास पाच आठवडे लागत. आता बहुधा तीन आठवडे पुरतात, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासानंतर काही रुग्णांना एका आठवड्यातील पाच मात्राही दिल्या जातात. तरीदेखील, ज्या बाईला घर, गुरे, मासळीची पाटी किंवा शाळेतील वर्ग सोडून रोज शहरात जावयाचे आहे, तिला हे दिवस मोठे असतात. उपचार अर्धवट सोडण्याचा मोह येथेच होतो.

बाकावरची ओळख

माझे टाके सुकले, काखेतील नळी निघाली आणि मी किरणोपचारांसाठी जाऊ लागले. दंडाची आतली बाजू बधिर झाली होती. हात उचलला की काखेत दोरी ताणल्यासारखे होई, म्हणून मी तो पोटाशी धरून बसत असे. तपासणीच्या कागदांवर सर्व काही उत्तम होते. माझ्या मनाची अवस्था मात्र कोणत्याही कागदावर नोंदली जात नव्हती. आमच्या एका नातलगाच्या घरी माझे ताट-वाटी निराळे ठेवले गेले. कर्करोग संसर्गाने होत नाही, हे मी त्यांना सांगू शकले असते; तो विषय तर माझ्या पत्रकांतलाच होता. परंतु त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

रुग्णालयाच्या बाकावर तिसऱ्या दिवशी एक साठीच्या घरातील बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्या तुमच्याच उरण तालुक्यातील, मासळी विकणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “बाय, हात असा धरून बसू नको, आखडेल तो. भिंतीवर बोटं चढव. आज इथवर, उद्या चार बोटं वर.” मी विचारले, “तुमचेही ऑपरेशन झाले आहे का?” त्या म्हणाल्या, “दोन वर्षं झाली. आता हिला आणते.” त्यांच्यापलीकडे त्यांच्याच आळीतील एक तरुण सून बसली होती. तिचा नवरा बंदरात पाळीवर कामाला होता. त्याला रोज रजा मिळणे शक्य नव्हते. म्हणून या बाई तिच्याबरोबर मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर येत, आणि ओहोटीमुळे लाँच अडली की रस्त्याने वळसा घालून येत. स्वतःचा धंदा त्यांनी तेवढे दिवस सकाळच्या वेळी बहिणीवर सोपविला होता.

त्यानंतरचे बारा दिवस आम्ही तिघी त्या बाकावर भेटत राहिलो. झोपताना हाताखाली उशी कशी घ्यावी, पुढून बटणांचा सैल ब्लाउज कसा शिवून घ्यावा, किरणांनी काळवंडलेल्या कातडीवर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काही चोळू का नये, हे त्यांनी मला शिकविले. त्या हाताला मासळीचा काटा लागू नये म्हणून त्या मोजा घालून मासळी साफ करीत. काखेतील ग्रंथी काढल्या की साध्या जखमेतूनही हाताला जंतुसंसर्ग होऊन कायमची सूज राहण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या या गोष्टीला त्यांनी आपल्या धंद्यापुरता असा उपाय शोधला होता. डोक्यावर पाटी घेणे त्यांनी सोडले नव्हते. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंना विचारून त्यांनी वजन हळूहळू वाढविले होते. पूर्वी अशा हाताने कधीच ओझे उचलू नये असे सांगत. आता योग्य देखरेखीखाली थोडेथोडे वजन वाढविणे सुरक्षित आहे, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

एके दिवशी मी त्यांना विचारले, “पुन्हा उलटेल अशी भीती वाटत नाही का?” त्या म्हणाल्या, “तपासणीच्या आदल्या रात्री वाटते. मग त्या रात्री मी एकटी झोपत नाही, बहिणीकडे जाते.” भीती वाटत नाही असे त्या म्हणाल्या असत्या, तर माझा त्यांच्यावर विश्वास बसला नसता. त्या संध्याकाळी घरी परतल्यावर मी माझ्या पतीशी प्रथमच मोकळेपणाने बोलले, आणि माझ्याइतकेच तेही घाबरलेले आहेत हे मला तेव्हा कळले.

त्या बाईंचे नाव मी सांगणार नाही. त्यांच्या गावात सर्वांना हे ठाऊक आहे की नाही, ते मला माहीत नाही, आणि ते सांगण्याचा अधिकार केवळ त्यांचा आहे.

सोबतीची परंपरा

अशी सोबत ही योगायोगाने मिळावयाची गोष्ट आहे का? जगात अनेक ठिकाणी तिला व्यवस्थेचे रूप दिले गेले आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीझ लॅसर या बाईंचा स्तन शस्त्रक्रियेने काढला गेला. हात कसा हलवावा, कपडे कसे घालावेत, हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नाही. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर रुग्ण स्त्रियांना जाऊन भेटू लागल्या. सोबत त्या हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी नेत. प्रारंभी डॉक्टरांना हे रुचले नाही. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे कार्य आपलेसे केले आणि तेथून ते अनेक देशांत पसरले.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना केली. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये मुंबईत व्ही केअर फाउंडेशन ही संस्था काढली. स्वतः हा रोग सोसलेले अनेक स्वयंसेवक तिच्यामार्फत रुग्णांशी बोलतात. रेल्वेतील अधिकारी रुबी अहलुवालिया यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठल्यावर संजीवनी या संस्थेद्वारे हेच कार्य हाती घेतले. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक शेजारी शेजारी राहतात. कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यावयाचा, हे कालचा रुग्ण आजच्या रुग्णाला सांगतो.

उणीव आहे ती गावात. रुग्णालयाच्या आवारात सोबत मिळते, एस.टी.तून उतरून बाई आपल्या आळीत शिरली की ती एकटी पडते. आणि गोळ्या पाच किंवा दहा वर्षे घ्यावयाच्या असतात, तपासण्या वर्षानुवर्षे करावयाच्या असतात.

सोबतीने काय होते, काय होत नाही

शासकीय मासिकासाठी लिहिणाऱ्याने आश्वासने जपून द्यावीत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. १९८९ मध्ये डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी ८६ स्त्रियांच्या अभ्यासावरून असे मांडले की, रोग शरीरात पसरलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात नियमित बसतात, त्या अधिक काळ जगतात. साऱ्या जगाला ही आशा सुखावून गेली. परंतु २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही, आणि स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही ते दिसले नाही. कॅनडाच्या अभ्यासात दुसरी गोष्ट मात्र आढळली: ज्या स्त्रियांचे मन अधिक व्यथित होते, त्यांच्या मनाचा भार आणि वेदना अशा गटामुळे हलक्या झाल्या.

तेव्हा सोबत हे औषध आहे, असे कोणी सांगू नये. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि गोळ्या यांची जागा ती घेऊ शकत नाही. परंतु बाई यंत्रापर्यंत रोज पोहोचावी, हात वेळेवर हलवावा, गोळी मध्येच सोडू नये आणि घरात निराळ्या ताटाशी एकटी बसू नये, यासाठी तिच्याइतके उपयोगी दुसरे काही मला दिसलेले नाही.

गावाने काय करावे

न्हावा शेवा या गावांना पुनर्वसन हा शब्द नवा नाही. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, त्याआधी आणि नंतर येथील कुटुंबांनी जमिनी दिल्या, शेवा कोळीवाडा जुनी जागा सोडून उठला. नवी जागा मिळाली म्हणजे माणूस वसला असे होत नाही, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. रुग्णालयातही बऱ्या झालेल्या रुग्णाला पुन्हा उभे करण्याच्या कार्याला पुनर्वसनच म्हणतात. गाठ निघाली म्हणजे बाई बरी झाली, असे समजू नये. तिला पुन्हा वसावे लागते.

आज साधने वाढली आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल गाडीही सुरू झाली. परळ येथून फार लांब राहिलेले नाही. खारघर येथे टाटा मेमोरियलचेच प्रगत केंद्र आहे. तरीही ज्या घरात फक्त मोटारसायकल आहे, त्या घराला सेतूवर प्रवेश नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणीकृत रुग्णालयांतून कर्करोगाची शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा खर्च मिळतो. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे प्रवासात सवलत आहे आणि ती एका सोबत्यालाही मिळते. रोगी एकटा जाऊ शकत नाही, हे रेल्वेच्या नियमपुस्तकाने कधीच ओळखले आहे.

या पार्श्वभूमीवर माझ्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांना स्वतंत्र निधीची गरज नाही.

पहिली, आरोग्यसेविकांनी आपल्या भागातील उपचार पूर्ण झालेल्या स्त्रियांना खासगीत विचारावे की दुसरीला सोबत करण्याची त्यांची इच्छा आहे का. होकार देणाऱ्या एक-दोघी मिळाल्या तरी पुरे. नकार देणारीला पुन्हा विचारू नये.

दुसरी, रुग्ण स्त्रीचे नाव तिच्या संमतीवाचून कोणत्याही सभेत, फलकावर वा छायाचित्रात येऊ नये. सत्कारही नको. हे सांगताना मला स्वतःच्या खात्याचीही आठवण आहे.

तिसरी, सोबतिणीने औषध सांगू नये. सूज, ताप, जखमेतून स्राव किंवा नवी गाठ दिसल्यास डॉक्टरांकडे नेणे, एवढेच तिचे काम.

चौथी सूचना शिक्षकांसाठी. आई उपचार घेत असलेले मूल वर्गात ओळखू येते. त्याचा गृहपाठ राहतो, डबा राहतो. त्याच्या घरी शेजारून डबा जाईल एवढे शिक्षक सहज घडवून आणू शकतात.

आणि पाचवी, गाठ लवकर सापडावी म्हणून. मुंबईत १९९८ पासून १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमधील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी मोठे यंत्र लागले नाही. तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी आपल्या आरोग्य केंद्रांतून विनामूल्य होते. तपासणीच्या दिवशी पंचायतीच्या महिला सदस्यांनी प्रथम स्वतः रांगेत उभे राहावे. पाठीमागून इतरजणी येतील.

मी तीन महिने गप्प बसले होते, हे आज प्रथमच जाहीरपणे सांगत आहे. त्यावेळी माझ्या आळीत कोणी असे सांगणारे असते की, ‘माझेही झाले आहे, चल, मी येते तुझ्याबरोबर’, तर मी दुसऱ्या दिवशीच गेले असते. आज या सभेतून घरी गेल्यावर तुमच्यापैकी एखादीला गाठ लागली, तर तिने उद्या आरोग्यसेविकेकडे जावे. तिच्याबरोबर जावयास कोणी नसेल, तर माझ्या कार्यालयाचा पत्ता अध्यक्षांपाशी आहे. मी येईन.



जय हिंद, जय महाराष्ट्र.